टुकपर्यंत जायलाच हवं का? उत्तरेच्या प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डेम्पस्टर हायवेचा ओझरता उल्लेख केला होता. कॅनडाच्या युकॉनमध्ये डॉसन सिटीजवळ सुरू होणारा आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या इनुविकला पोहोचणारा हा खडीचा रस्ता. २०१७ पासून इनुविकच्या पुढेही बारमाही रस्ता झालाय आणि तो थेट आर्क्टिक महासागराच्या काठावर, टुक्टोयाक्टुक गावात जातो. सगळे त्याला टुकच म्हणतात. त्या उल्लेखावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना मुलाबाळांना घेऊन, वाटेत तंबू ठोकत टुक गाठायचंय. आमचं घर एडमंटनला, उन्हाळा आला की आमची गाडी उत्तरेकडेच वळते, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

*ऑगस्टमध्ये दहा दिवसांची सुट्टी आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. एडमंटनला विमानाने येऊन गाडी भाड्याने घ्यायची आणि टुकला जाऊन परत यायचं, असं ठरवलंय. मुक्काम तंबूतच. जमेल ना?*
— एक वाचक, मिसिसागा

नाही जमणार. इतकं स्पष्ट लिहिते, कारण तुम्ही अजून तिकिटं काढलेली नसावीत अशी आशा आहे. हिशोब मांडून बघा. एडमंटन ते डॉसन क्रीक सुमारे ५९० किलोमीटर. तिथून अलास्का हायवेने व्हाइटहॉर्स चौदाशेच्या वर. व्हाइटहॉर्सहून डेम्पस्टरच्या फाट्यापर्यंत जवळजवळ पाचशे. मग डेम्पस्टरचे साधारण ७४० आणि इनुविक ते टुक आणखी १४०. म्हणजे नुसतं जायचंच तेहेतीसशेच्या पुढे. दहा दिवसांत जाऊन-येऊन रोज साडेसहाशे-सातशे किलोमीटर पडतात, त्यातला चौथा हिस्सा खडीवरचा, जिथे ताशी साठ-सत्तरच्या वर जाण्यात शहाणपण नाही. पाच वर्षांच्या मुलीला या प्रवासातून फक्त समोरच्या सीटची पाठ दिसेल. (डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं आहेत, मध्ये जवळजवळ दोन हजार किलोमीटर. नकाशावर दोघांची गल्लत करणारी माणसं मला अनेकदा भेटली आहेत.)

दहा दिवसच असतील तर विमानाने थेट व्हाइटहॉर्सला या आणि गाडी तिथे घ्या. एक मुक्काम वाटेत, एक डॉसन सिटीत. मग डेम्पस्टरवर ७१-७२ व्या किलोमीटरला टूमस्टोन टेरिटोरियल पार्कचं माहिती केंद्र आणि कॅम्पग्राउंड आहे. तिथे निदान तीन रात्री राहा. मुलांच्या पायाला झेपतील अशा वाटा केंद्रापासूनच सुरू होतात. चौथ्या दिवशी हवा बरी असेल तर ईगल प्लेन्सला, म्हणजे ३६९ व्या किलोमीटरला जा. दुसऱ्या दिवशी ४०५ व्या किलोमीटरवर आर्क्टिक वृत्ताची पाटी आहे, तिथे फोटो काढा आणि मागे फिरा. टुक राहील, राहू दे. एवढं करूनही दोन-तीन दिवस मोकळे उरायला हवेत आणि त्या दिवसांवर काहीही ठरवायचं नाही. पाऊस, पंक्चर, ताप आणि एखाद्या ओढ्याकाठून न हलणारी मुलं, या सगळ्यांची सोय त्या मोकळ्या दिवसांतच होते. सामानाच्या यादीत मी रिकामे दिवस सगळ्यात वर लिहीन.

भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा. अनेक कंपन्या खडीच्या रस्त्याला मनाई करतात, काही जण डेम्पस्टरचं नाव घेऊन करतात. परवानगी लेखी मागा. क्रेडिट कार्डाच्या विम्यात कच्चा रस्ता वगळलेला असू शकतो, तेही तपासा.

एडमंटनहूनच गाडीने यायचं असेल तर तीन आठवडे काढा. तेवढा वेळ असेल तर अलास्का हायवे स्वतःच इतका देतो की पुढे नाही गेलात तरी चालेल. ७६५ व्या किलोमीटरला लिआर्ड रिव्हरचे गरम पाण्याचे झरे आहेत. दलदलीवरून लाकडी वाट जाते आणि त्या वाटेवरून मूस, म्हणजे अवाढव्य हरीणही दिसू शकतं. कुंडात जिथून पाणी येतं तिथे ते ५० अंशांच्या आसपास असतं, म्हणून मुलांना खालच्या टोकाला ठेवा. त्या भागात रात्री गाडी चालवू नका. रानगवे, म्हणजे बायसन, रस्त्यावरच उभे असतात आणि काळोखात त्यांचे डोळेही चमकताना दिसत नाहीत.

*आमची सात सीटची मिनीव्हॅन आहे. टायर चांगले आहेत, स्टेपनी आहे. डेम्पस्टरला एवढं पुरेसं नाही का? लोक उगाच घाबरवतात असं वाटतं.*
— सस्कॅटूनहून

मिनीव्हॅन चालते. आम्हाला तिथे जुन्या छोट्या गाड्याही भेटतात. प्रश्न टायरचाच आहे, आणि तुमच्या पत्रात तुम्ही स्टेपनी कुठली ते लिहिलेलं नाही. मिनीव्हॅनबरोबर बहुतेक वेळा मिळते ती बारीक, तात्पुरती स्टेपनी. ती या खडीवर पन्नास किलोमीटरही धड नेणार नाही. रिमवर चढवलेली पूर्ण मापाची निदान एक, जमल्यास दोन चाकं न्या. शिवाय पंक्चर काढायचं किट आणि बारा व्होल्टवर चालणारा हवा भरायचा पंप.

या रस्त्याखालची जमीन कायमची गोठलेली आहे. तिच्यावर सरळ डांबर टाकलं तर ऊन पिऊन ती वितळेल आणि रस्ता खचेल. म्हणून दगड-खडीचा सव्वा ते अडीच मीटर जाड थर टाकून रस्ता उंच उचललाय, जेणेकरून खालचा बर्फ गारच राहावा. त्या खडीत काही पट्ट्यांमध्ये शेल नावाच्या खडकाचे पातळ, धारदार तुकडे असतात. टायरच्या बाजूची भिंत कापतात ते तेच. रस्ता उंच असल्यामुळे कडा उताराच्या आणि पोकळ. फोटोसाठी गाडी अगदी कडेला घेऊ नका, चाक रुततं. मोकळ्या जागा केलेल्या असतात, तिथेच थांबा.

चाक बदलण्याचा सराव घरी, सगळ्या सामानासकट करा. डेम्पस्टरवरच्या इंजिनिअर क्रीक या ओढ्याच्या पुढे आमचं मागचं चाक बसलं तेव्हा थोरला पंधरा वर्षांचा होता आणि सगळं त्याने केलं. आधी पुढच्या चाकांना दगड लावले. गाडी जमिनीवर असतानाच पान्याने नट अर्धा-अर्धा फेरा सैल केले, कारण गाडी उचलल्यावर चाक नुसतं फिरतं आणि नट सुटत नाही. जॅकखाली घरून आणलेली फूटभर लांबीची जाड फळी ठेवली. खडीत जॅक उभा राहत नाही, गाडी वर जायच्या ऐवजी तो खाली जातो. नवं चाक बसवून नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले आणि पन्नासेक किलोमीटरवर थांबून पुन्हा एकदा आवळले. कंपनीचा आखूड पाना तिथे पुरत नाही, लांब दांड्याचा घ्या. आणि स्टेपनी व जॅक सामानाच्या तळाशी गाडू नका, नाहीतर पावसात सगळा संसार रस्त्यावर मांडावा लागतो.

समोरून ट्रक आला की वेग अगदी कमी करा, उजवीकडे सरका, त्याला जाऊ द्या. दगड तुमच्या काचेवर किती जोरात बसेल हे दोन्ही वेगांच्या बेरजेवर ठरतं, त्यातला एक तुमच्या हातात आहे. पाऊस पडला की धुळीसाठी टाकलेल्या कॅल्शियम क्लोराइडमुळे रस्ता निसरडा होतो. तो चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो आणि लोखंड खातो, म्हणून परतल्यावर गाडी खालून धुऊन घ्या.

पेट्रोल डॉसन सिटीत टाकी काठोकाठ भरूनच निघा. तिथून ईगल प्लेन्स चारशेच्या वर. भरलेला कॅन गाडीच्या आत, मुलांच्या मागे ठेवू नका, बाहेर बांधा.

*ताई, अस्वलांची फार भीती वाटते. सासूबाई म्हणतात की आपल्या फोडणीच्या वासाने ती येतील. खरं आहे का? बेअर स्प्रे मुलांच्या कपड्यांवर मारायचा का?*
— कॅल्गरीहून एक आई

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तातडीचा आहे. नाही, कधीही नाही! बेअर स्प्रे हा डासांच्या औषधासारखा अंगाला लावायचा पदार्थ नाही. ते मिरचीचं दाबाखालचं तिखट आहे, अंगावर चाल करून येणाऱ्या अस्वलाच्या तोंडासमोर त्याचा ढग करायचा असतो. मुलांच्या डोळ्यात गेलं तर फार हाल होतील. तंबूवर, कपड्यांवर वाळलेल्या त्या तिखटाच्या वासाने अस्वल उलट कुतूहलाने जवळ येऊ शकतं. डबा मोठ्या माणसाच्या कमरपट्ट्याला हवा. पाठीवरच्या सॅकमध्ये असेल तर तो नसल्यासारखाच. त्याची मुदत बघा आणि वाऱ्याची दिशा बघायची सवय लावा. सरावासाठी तिखट नसलेले डबे मिळतात. एक आणून नवरा-बायको दोघांनीही अंगणात मारून बघा. किती जोरात आणि किती थोडे सेकंद चालतं ते हाताला कळायला हवं.

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, फक्त दोष एकट्या फोडणीचा नाही. अस्वलाला अन्नाचा प्रत्येक वास कळतो, आणि अन्न नसलेल्याही अनेक गोष्टींचा: टूथपेस्ट, ओठांना लावायचं बाम, ओले टिश्यू, बाळाचे वापरलेले डायपर. यातलं काहीही रात्री तंबूत राहता कामा नये. सगळं गाडीत काचा बंद करून किंवा कॅम्पग्राउंडवर असलेल्या लोखंडी पेटीत. चूल तंबूपासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब. स्वयंपाक करताना घातलेले कपडे गाडीत राहतात, झोपायचे वेगळे. मी हिंग-जिऱ्याची फोडणी तिथेही करते, पण दुपारी, वाटेत थांबून. पोटभर जेवण तिथेच उरकतं आणि मुक्कामाच्या जागी रात्री फक्त कोरडं खाणं आणि चहा. हात पुसलेला कागद, डाळीचं उरलेलं पाणी, काहीही झाडाखाली टाकायचं नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुढच्या कुटुंबाच्या तंबूत शिरतं आणि शेवटी गोळी घालून मारलं जातं. म्हणून मी याबाबतीत घरात फार कडक आहे.

मुलांना तीन गोष्टी पाठ करून घ्या. धावायचं नाही. मोठ्या माणसाच्या मागे येऊन उभं राहायचं. आणि वाटेवर चालताना बडबड करायची, गाणी म्हणायची. ही तिसरी शिकवावी लागत नाही. गाडीतून अस्वल दिसलं तर गाडीतच बसा. उघड्यावर असाल तर अस्वल आणि लांडग्यापासून शंभर मीटर, इतर मोठ्या प्राण्यांपासून तीस मीटर हे पार्क्स कॅनडाचं अंतर धरा.

*माझा मुलगा आणि सून मला सोबत नेणार म्हणतात. वय ६८. गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही. मी घरीच राहावं असं मला वाटतं, पण नातवंडं ऐकत नाहीत. तू मला लेकीसारखी, खरं ते सांग.*
— नाशिकहून एडमंटनला आलेल्या एक काकू

काकू, जा. गुडघ्यांसाठी मुलाला घडीची खाट घ्यायला सांगा, जमिनीवरून उठायचा प्रश्नच मिटतो. तंबूही उभं राहता येईल असा घ्यायला सांगा, वाकून आत शिरण्यात सगळा त्रास असतो. दर तिसऱ्या रात्री खोली घ्या म्हणावं. डॉसन सिटीत, ईगल प्लेन्सला, इनुविकला खोल्या मिळतात, आधी सांगून ठेवाव्या लागतात.

थंडी खरी आहे. जुलैतसुद्धा टूमस्टोनमध्ये पहाटे पारा शून्याजवळ येऊ शकतो. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. बऱ्याच कंपन्या ठळक छापतात तो खालच्या मर्यादेचा असतो, त्या थंडीत तुम्हाला आरामात झोप लागणार नाही. दुसरा, आरामाचा आकडा बघायचा. तुमच्यासाठी तो उणे सात किंवा त्याहून खालचा असू दे. आणि बॅगपेक्षा अंगाखालची गादी महत्त्वाची, कारण अंगाखाली दबलेली पिसं किंवा कापूस ऊब देत नाही. गादीवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती गारवा किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते, ती चारच्या वर हवी. खाटेवर झोपलात तरी गादी लागतेच, खालून गार वारा येतो. झोपताना गरम पाण्याची बाटली पायाशी. तंबूत ऊब यावी म्हणून शेगडी किंवा निखारे मात्र कुणालाही आत आणू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

संडास खड्ड्याचे असतात, युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर ते बरेचसे स्वच्छ मिळतात. पाणी नसतं, आपली बाटली न्यायची. घडीचा कमोड मिळतो तो रात्रीसाठी तंबूच्या ओसरीत ठेवा, संकोच करू नका. पंपाचं किंवा ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळूनच प्या. जळाऊ लाकूड तिथे मुक्कामाच्या पैशांतच मिळतं.

एक गोष्ट मुलाने करायची आहे. डॉसन सिटीत रुग्णालय आहे, त्यानंतरचं थेट इनुविकला, मध्ये जवळजवळ पावणेआठशे किलोमीटर. तुमच्या प्रवास विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का ते त्याने फोन करून विचारावं. रोजच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या, दोन वेगळ्या पिशव्यांत. आणि डोळ्यांवर बांधायला जाड काळी पट्टी, कारण जून-जुलैत आर्क्टिक वृत्ताच्या आसपास रात्री बारालाही पुस्तक वाचता येतं आणि झोप काही केल्या लागत नाही. नातवंडं त्या उजेडात अकरा वाजता खेळत असतील. त्यांना हाक मारून झोपवायचं काम तुमच्याकडेच येणार.

*डासांसाठी काय न्यावं? मुलगी आठ महिन्यांची आहे.*
— एक वाचक

सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला आयकॅरिडिन हे डास पळवणारं औषध २० टक्क्यांपर्यंतचं चालतं, कॅनडात डीटपेक्षा मी तेच सुचवते. डीटच लावणार असाल तर या वयात दहा टक्क्यांपर्यंतचं, दिवसातून एकदाच. बाळाच्या हातांना आणि तोंडाजवळ कुठलंही लावू नका, ती हात चोखते. खरं संरक्षण जाळीचं. बाबागाडीवर टाकायची जाळी आणि मोठ्यांना डोक्यावरून घ्यायची जाळीची टोपी. कपडे फिके आणि सैल. आणि शक्य असेल तर जूनचा शेवट आणि जुलै टाळून ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. डास पुष्कळ कमी झालेले असतात आणि टुंड्रा लाल होऊ लागलेली असते.

*नव्या आयफोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे. मग वेगळं यंत्र कशाला भाड्याने घ्यायचं?*
— व्हँकुव्हरहून

ही सोय ६२ अंश अक्षांशाच्या उत्तरेला चालेलच असं नाही, असं ॲपलनेच लिहून ठेवलंय. डेम्पस्टर सुरू होतो तोच ६४ अंशांवर. फोनचं साधं नेटवर्क तर फाटा सोडला की जातं आणि शेकडो किलोमीटर येत नाही. इरिडियमचे उपग्रह ध्रुवांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे त्यांच्यावर चालणारं छोटं यंत्र, उदाहरणार्थ गार्मिनचं इनरीच, घ्या किंवा भाड्याने आणा. निघण्याआधी घराच्या अंगणातून एक निरोप पाठवून बघा. घरी राहणाऱ्या एका माणसाकडे तुमचा रोजचा मुक्काम लिहून ठेवा आणि किती तास निरोप आला नाही तर कुणाला कळवायचं तेही.

*मुलगी पंधरा वर्षांची. म्हणते, तिथे आहे काय? झाडं नाहीत, दुकानं नाहीत, इंटरनेट नाही. मला तिला पटेल असं उत्तर देता येत नाही.*
— विनिपेगहून एक बाबा

तिचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तिच्या हातात ठेवता येण्याजोगं आहे. टूमस्टोनच्या खिंडीच्या पुढे कुठेही थांबा आणि तिला रस्त्यापासून पन्नास पावलं चालायला सांगा. पाय पोटरीपर्यंत बुडतो, कारण जमीन म्हणून जे दिसतं ते शेवाळ, दगडफूल आणि गवताचे ढेकूळ असतं. मग तिला पालथं झोपून बघायला सांगा. नाकासमोर एक जंगल असतं: घोट्याएवढं उंच बर्च, त्याची पानं नखापेक्षा लहान, विलोची झुडपं जमिनीला चिकटून पसरलेली, मध्येच ब्लूबेरी आणि क्लाउडबेरी. त्या बर्चची बोटाएवढी फांदीही पुष्कळ वर्षांची असू शकते. हात शेवाळात खुपसला की कोपर जायच्या आत बोटांना गारवा लागतो. खाली बर्फ आहे, ऑगस्टमध्येही. आमच्या धाकटीने तिथे तासभर मान वर केली नव्हती.

तिला रस्त्यातलं भूगोलाचं पुस्तक दाखवा. ऑगिल्वी पर्वतांचा काही भाग हिमयुगातही हिमनद्यांखाली गेला नाही, म्हणून तिथले डोंगर वेगळे दिसतात: कडे तासलेले नाहीत, माथ्यावर दगडांचे सुळके तसेच उभे आणि खाली उतारभर करडा चुरा. इंजिनिअर क्रीकचं पात्र खनिजांमुळे तांबूस-केशरी झालंय. एका ठिकाणी रस्ता अचानक रुंद होतो आणि पाटी सांगते की ही विमानाची धावपट्टी आहे. तिथे गाडी थांबवायची नाही, एवढं ध्यानात ठेवा. पुढे टुकला गेलात तर पिंगो दिसतील, म्हणजे आतल्या बर्फाने जमीन वर ढकलून झालेल्या टेकड्या. त्यातली इब्युक ४९ मीटर उंच आहे, कॅनडातली सगळ्यात उंच.

आणि तिला हरवलेल्या गस्तीची गोष्ट सांगा. डिसेंबर १९१० मध्ये पोलीस दलाचे चार जण, इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड आणि त्यांचे साथीदार, फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला कुत्र्यांच्या गाड्यांनी निघाले. वेगाने जायचं म्हणून ओझं कमी घेतलं, आणि खिंडीची वाट जाणणारा, तिथल्या मूळच्या ग्विचिन लोकांतला वाटाड्या सोबत ठेवला नाही. वाट सापडेना. आठवडाभर शोधत राहिले, अन्न संपत आलं, तेव्हा कुठे जानेवारीच्या मध्यावर मागे फिरले. चौघेही परतीच्या वाटेवर दगावले. मार्च १९११ मध्ये त्यांना शोधून काढलं ते कॉर्पोरल डेम्पस्टरच्या पथकाने, आणि त्या पथकात ग्विचिन वाटाड्या होता. १९७९ मध्ये खुल्या झालेल्या रस्त्याला नाव मिळालं ते याच डेम्पस्टरचं. चौघांच्या कबरी फोर्ट मॅकफर्सनच्या चर्चच्या आवारात आहेत. गाडीतून त्याच डोंगररांगा बघत, पील नदी ओलांडून तिथे पोहोचल्यावर पंधरा वर्षांची मुलगी त्या दगडांवरची नावं वाचल्याशिवाय राहत नाही. तिला आधी पुस्तकातून नाही, गाडी चालवता चालवता तोंडीच सांगा. ज्यांची ती भूमी आहे त्या ग्विचिन, इनुविआलुइट आणि त्रॉन्देक ह्वेचिन लोकांबद्दलही टूमस्टोन, इनुविक आणि डॉसनच्या केंद्रांत त्यांच्याच माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतं. तिला प्रश्न तिथे विचारू द्या.

*वणव्यामुळे किंवा नदीवरची फेरीबोट बंद पडल्यामुळे अर्ध्यावरून परतावं लागलं तर? मुलं वर्षभर टुक-टुक करत आहेत.*
— एडमंटनचेच एक शेजारी वाचक

शक्यता धरूनच चला. ऑगस्ट २०२३ मध्ये अख्खं यलोनाइफ शहर वणव्यामुळे रिकामं करावं लागलं. मे २०२४ मध्ये अलास्का हायवेवरचं फोर्ट नेल्सन रिकामं झालं, आणि अलास्का हायवेने उत्तरेला जाणाऱ्या सगळ्यांचा रस्ता त्याच गावातून जातो. तो बंद असेल तर ब्रिटिश कोलंबियातून ३७ नंबरचा स्टुअर्ट-कॅसियार हायवे आहे, वॉटसन लेकच्या जरा पश्चिमेला तो अलास्का हायवेला मिळतो. वळसा मोठा पडतो पण रस्ता सुंदर आहे. धुरासाठी मुलांच्या मापाचे एन-९५ सारखे मास्क गाडीत असू द्या.

डेम्पस्टरवर पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फुकट फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता, आणि मधल्या काही आठवड्यांत काहीच नाही. भर उन्हाळ्यातही पाणी फार चढलं किंवा फार उतरलं की फेरी थांबते आणि कधी सुरू होईल ते कुणी सांगू शकत नाही. काही कुटुंबं दोन नद्यांच्या मध्ये अडकतात. म्हणून मुलांना घरूनच नकाशा काढून द्या आणि त्यावर तीन मुक्काम त्यांच्याच हाताने रंगवून घ्या: टूमस्टोन, आर्क्टिक वृत्त, टुक. तिन्हीकडे काय करायचं ते त्यांनी ठरवावं. एकाने वृत्ताच्या पाटीपाशी पतंग उडवायचं ठरवलं तर तो पतंग गाडीत हवा. मग टुक हुकलं तरी त्यांच्या हातात दोन मुक्काम असतात, आणि तुम्हाला "अजून थोडं पुढे जाऊन बघू" असा मोह होत नाही.

ईगल प्लेन्सला पेट्रोल भरताना काउंटरवर दोन्ही फेऱ्यांची चौकशी करा आणि उत्तरेकडून आलेल्या ट्रकवाल्यालाही विचारा. त्यांनी पहाटे स्वतः नदी ओलांडलेली असते. दोघांपैकी एकाचंही उत्तर डळमळीत वाटलं तर तिथेच खोली घ्या, मुलांना आंघोळी घाला आणि सकाळी परत विचारा.